टणत्कार करू नये

सुताराच्या कारखान्यात झाडू मारून कंबर सरळ करेपर्यंत पायाखाली पुन्हा ढलप्या जमलेल्या असतात. किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून बाजूला सारावा तर खालून तीन निघतात! त्यातून आमचा कारखाना ठाण्याच्या कोपरीत, स्टेशनपासून हाकेवर. गाडी चुकलेला, पत्ता चुकलेला, बायकोशी भांडलेला, जो तो आधी आमच्या बाकड्यावर येऊन टेकायचा. मग किस्से होणार नाहीत तर काय!

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झालेली. मी तिथं पॉलिशवाला. मालक, मिस्त्री, हिशेबनीस सगळं एकच माणूस, तो म्हणजे धाकू मिस्त्री. मूळचा मालवणकडचा. हात सोन्याचा आणि डावा कान पार बाद. त्या कानावर कायम सुतारी पेन्सिल. म्हणायचा, "बिनकामाच्या कानाला काय तरी काम नको?"

उजवा कान चांगला होता म्हणतात. 'म्हणतात' अशासाठी, की तो कधी चालायचा आणि कधी नाही, हे सगळं मिस्त्रीच्या मर्जीवर. गिऱ्हाईक ओरडून विचारायचं, "मिस्त्री, टेबल कधी देणार?" मिस्त्री म्हणणार, "आँ?" तेच आतून वहिनींनी हळूच "चहा झालाय" म्हटलं, की हा रंधा टाकून उठलेला!

तर आज सांगतो ते सगळे किस्से एकाच धनुष्याचे. हो, धनुष्याचे. हसू नका.

*

कल्याणच्या एका शाळेत टिपणीस मास्तर ड्रिल शिकवायचे. काटक माणूस, गळ्यात शिट्टी, बोलणं सगळं परेडवर हुकूम दिल्यासारखं. या माणसाने स्वतःच्या हाताने एक धनुष्य केलेलं. साधं काठी वाकवून नव्हे! बाहेरच्या अंगाला बांबूची पट्टी, आतल्या अंगाला मुरबाडच्या रानातल्या धामण झाडाची, दोघांच्या मधे शिसवीची पातळ चीप, आणि तिन्ही सरसाने एकजीव केलेल्या. चार वर्षं लागली म्हणे. तीन धनुष्यं मोडली, तेव्हा हे चौथं जमलं.

दर दसऱ्याला शाळेच्या मैदानात चिंचेला कोहळा टांगायचे आणि मास्तर एकच बाण मारायचे. एकच! पोरं ओरडायची, "सर, टणत्कार! टणत्कार!" कीर्तनात ऐकलेलं ना सगळ्यांनी, अर्जुनाने नुसती दोरी ओढून सोडली की दाही दिशा घुमायच्या. मास्तर डोळे वटारायचे. "टणत्कार करू नये! धनुष्य बाण सोडायला असतं, गाणं म्हणायला नसतं."

त्याला कारण होतं. ओढलेला सगळा जोर बाण आपल्याबरोबर घेऊन जातो. बाणच नसला तर तो जोर जाणार कुठं? उलटा लाकडातच शिरतो.

त्या साली पंधरा ऑगस्टला शाळेत प्रमुख पाहुणे म्हणून एक वकीलसाहेब आलेले. तरुणपणी नाटकात अर्जुन केलेला. टेबलावर धनुष्य मांडलेलं बघून त्यांच्या अंगात आलं. "वा मास्तर! टणत्कार तर होऊन जाऊ दे!" मास्तर "अहो, अहो" म्हणेपर्यंत साहेबांनी दोरी कानापर्यंत ओढली आणि दिली सोडून. रिकामी!

पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबांनी वाकून नमस्कार केला. धनुष्य मास्तरांच्या हातात परत आलं तेव्हा मुठीच्या खाली बांबू सुटून नख जाईल एवढी फट पडलेली, आणि आतल्या धामणाची एक सळ कुसळासारखी उभी राहिलेली.

कल्याणचा एक सुतार म्हणाला, "हे टाका, छान सागवानी करून देतो." दुसरा म्हणाला, "दोन खिळे मारतो, उद्या घेऊन जा!" मास्तर म्हणे दोन दिवस जेवले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते रिटायर होणार होते. म्हणजे हा शेवटचा दसरा. हातात उरले दोन महिने, तेही पावसाचे.

*

कुणीतरी त्यांना सांगितलं, कोपरीत धाकू मिस्त्री आहे, तो काहीही जोडतो. मास्तर निघाले. धनुष्य बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. ठाणे स्टेशनवर हवालदाराने अडवलं.

"काय आहे? तंबोरा?"

दुसरा कुणी असता तर हो म्हणून सुटला असता. पण मास्तरांच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट पडलेलं. ते कडाडले, "हे वाजवायचं नसतं!"

"मग मारायचं असतं?"

"अर्थात!"

झालं! पाऊण तास बसवून ठेवलं. शेवटी मोठ्या साहेबांनी लुगडं सोडून बघितलं, फटीत नख घालून बघितलं आणि म्हणाले, "सोडा यांना. हत्यारच जखमी आहे."

*

मिस्त्रीने धनुष्य हातात घेतलं आणि पहिली गोष्ट म्हणजे चुकला. दोरी उतरवलेली होती. अशा धनुष्याची दोरी उतरवली की ते उलट्या बाजूला वाकतं. मिस्त्री म्हणाला, "बाक आलाय. आधी वाफ देऊन सरळ करू."

मास्तर किंचाळलेच. "तो बाक मी दिलाय! सहा महिने लागले त्याला!"

मग पोट कुठलं आणि पाठ कुठली यावरून जुंपली. मास्तर म्हणाले, नेमबाजाकडे असतं ते धनुष्याचं पोट, समोर असते ती पाठ. मिस्त्रीला पटेना. स्वतःच्या पोटावर थाप मारून म्हणाला, "पोट सुटतं ते पुढंच सुटतं! कुणाचं पाठीमागं सुटलेलं बघितलंत?" आणि खडूने बांबूच्या बाजूवर ठसठशीत लिहिलं, 'पोट'.

पुढं मास्तरांनी तासभर समजावल्यावर मिस्त्रीला पटलं. खडू मात्र पुसायचा राहिला. ते मला पुढं कसं भोवलं ते सांगतोच.

जाता जाता मिस्त्रीने विचारलं, "मास्तर, चांगलं होतं तेव्हा ह्याचा आवाज कसा यायचा? जोड बसला की नाय ते मी आवाजावरून ओळखतो."

मास्तर म्हणाले, "बाण सुटताना बारीकसा फुस्स यायचा."

"तो नाय. टणत्कार?"

"माहीत नाही. मी कधी काढलाच नाही."

"म्हणजे चार वर्षं खपून केलंत, आणि त्याचा आवाज नाय ऐकलात?"

"वकिलाने काढला तेव्हा ऐकला असता. पण मला त्यात मोडल्याचाच ऐकू आला," मास्तर म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले. मिस्त्री मला म्हणाला, "बाळा, पोटच्या पोराचं रडणं ऐकलं, हसणं नाय ऐकलं, असला प्रकार आहे हा."

*

आता माझी करामत. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बाहेर जाताना म्हणाला, "बाळा, त्याचं पोट साफ करून ठेव." म्हणजे आतल्या बाजूचा सुटलेला जुना सरस खरवडायचा.

मी बघितलं, 'पोट' लिहिलंय. घेतली पोलादाची पत्री आणि बसलो खरवडायला. पॉलिशवाल्याला कुठलंही लाकूड दिसलं की घासल्याशिवाय चैन पडत नाही! दोन बोटं साल निघाली असेल नसेल, तेवढ्यात दारातून आवाज आला, "थम!"

मास्तर! मी थम. आत रंधा मारणारा थम. बाहेर रस्त्यावर हातगाडीवाला चाललेला, तोसुद्धा थम!

"अरे, बांबूच्या सालीवरच सगळं धनुष्य तोललेलं असतं! तीच सोलतोयस?"

मी मेल्याहून मेलो. मास्तरांनी भिंगाने बघितलं, नखाने चाचपलं, आणि म्हणाले, "वरवर गेलीय. वाचलं." मग माझ्याकडे बघून, "तू पाठ सोलत होतास." मी खडूकडे बोट दाखवलं. तेवढ्यात मिस्त्री आला. मास्तर त्याला दहा मिनिटं फाडफाड बोलले. सगळं संपल्यावर मिस्त्री म्हणाला, "आँ?"

*

जोड उघडायच्या दिवशी मिस्त्री जाम घाबरलेला. फट अर्धी सुटलेली, अर्धी घट्ट. वाफेवर धरून पातळ सुरीने ती हळूहळू पूर्ण उघडायची, नाहीतर नवा सरस आत जाणार कसा? आणि सुरी जरा तिरकी गेली की धामण चिरलंच. म्हणून मिस्त्रीने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. आम्ही सगळे हात जोडून मागे.

"बा देवा म्हाराजा! ह्या धनुष्याचो जोड नीट बसानदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मास्तराचो दसरो गोड होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्येना ह्येचो नको तो टणत्कार केल्यान, त्येची अक्कल ठिकाणार येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी मागून एक भारदस्त आवाज जास्तीचा आला. वळून बघतो तर दारात वकीलसाहेब! माफी मागायला पत्ता काढत आलेले. तेही कोकणातलेच, गाऱ्हाणं ऐकलं की तोंडातून होकार आपोआप जातो. कशाला होकार दिला ते कळल्यावर साहेब खाली बसले आणि पोट धरून हसले. मास्तर मात्र हसले नाहीत.

मिस्त्रीने साहेबांची साक्ष काढली. "मोडलं तेव्हा आवाज कसा आला? 'कट्' की 'फट्'? कट् असेल तर लाकूड गेलं. फट् असेल तर नुसता सरस सुटला."

साहेब उभे राहिले, पवित्रा घेतला, हवेत दोरी ओढली आणि नाटकातल्यासारखे गरजले, "टण्ण्ण! ...आणि मग जरासं फट्."

"वाचलं!" मिस्त्री म्हणाला. पहिल्यांदाच मास्तरांच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं.

*

जोड उघडला, साफ झाला. आता सरस. सरस म्हणजे जनावरांची कातडी उकळून केलेला डिंक. वास असा, की वहिनींनी स्वयंपाकघराला कडी घातली. "तुमचं ते मेलं धनुष्य एक तर माझ्या चुलीवर शिजेल, नाहीतर भात!"

त्यातच कोलशेतचा पांडू नाखवा आला. खाडीकाठी होड्या बांधायचा, आमच्याकडे करवतीला धार लावायला येई. भांड्यात डोकावून म्हणाला, "काय र धाकू, यो सरस पावसाचे दिवसान? पानी लागला का झाली रबडी! आमचे होरीला लावला आसता त आमी कवाच खारीन बुरलो आसतो."

"मग काय करू?"

"आधी सुकव. मंग बांध. बांदल्याबिगर लाकूर कवा आयकतो?"

सुकल्यावर वरून सुताने बांधायचं ठरलं. पण सरस लावून जोड सुकेपर्यंत दाबून धरायला हवा होता. मास्तर म्हणाले, सायकलच्या जुन्या ट्यूबा हव्यात. त्यांच्या लांब पट्ट्या कापून ताणून गुंडाळल्या की सगळीकडून सारखा दाब बसतो. मी सायकलच्या दुकानात गेलेलो. मालकाने विचारलं, "कुठली सायकल आहे?" मी म्हटलं, "धनुष्याची." त्याने आठ ट्यूबा दिल्या, वर म्हणाला, "पंक्चर काढायला तेवढं आमच्याकडेच या!"

*

राहिलं सुकवणं. बाहेर भाद्रपदाचा पाऊस. भिंतींना ओल. आणि मिस्त्रीला सुचलं ते भलतंच. एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या लग्नासाठी मोठं सागवानी कपाट तयार होतं, आतल्या फळ्या तेवढ्या बसवायच्या होत्या. मिस्त्रीने त्यात वायर सोडली, विजेचा दिवा टांगला, शेजारी ट्यूबा गुंडाळलेलं धनुष्य उभं केलं आणि दारं लावली. आत कसं उबदार! तीन आठवडे दिवा अखंड चालू.

एक दिवस मुलीचे वडील व्याह्यांना घेऊन कपाट दाखवायला आले. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी दार उघडलं. आतून लख्ख उजेड, सरसाचा भपकारा आणि काळ्या पट्ट्यांत बांधलेलं माणूसभर उंचीचं काहीतरी उभं!

व्याही दोन पावलं मागे सरले. "हे... हे काय आहे?"

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "दार लावा, दार लावा. त्याला वारा लागता कामा नये."

मुलीचे वडील चिडले. "मिस्त्री, लग्नाचं कपाट आहे हे! वास कधी जाणार याचा?"

मिस्त्री म्हणाला, "आँ?"

*

ट्यूबा सोडल्या. जोड केसासारखा बारीक बसलेला. पांडू नाखव्याने जाळ्याचं सूत आणून धामणाच्या सळीवर असं आवळून बांधलं, की त्याची गाठ शेवटपर्यंत कुणाला सापडली नाही. मास्तरांनी नवी दोरी वळून आणली.

आता ओढून बघायचं. भिंतीवर दोन खिळे ठोकून धनुष्य आडवं टेकवलं. खाली दोरीला वजन बांधायचं, रोज थोडं वाढवायचं आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचं. भिंतीवर कोळशाने रेघा मारलेल्या. पहिल्या दिवशी वजन लावलं आणि कुर्रर्र असा आवाज आला.

मास्तरांनी डोळे मिटले. मी नाखव्याचा हात धरला. मिस्त्रीने काय करावं? कानावरची पेन्सिल काढली, एक टोक दातात धरलं, दुसरं धनुष्याच्या जोडावर टेकलं, आणि डोळे बारीक करून उभा राहिला.

मास्तर खेकसले, "हे काय चाललंय?"

मिस्त्री दातांतूनच बोलला, "कान बाद झाला म्हणून काय झालं? लाकडातलं सगळं दातांतून येतं डोक्यात. तीस वर्षं असंच ऐकतोय मी." मग पेन्सिल काढून म्हणाला, "जोड गप आहे. कुरकुरतंय ते नवं सूत."

मास्तरांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः पेन्सिल दातात धरून ऐकलं. मग मी. मग नाखवा. खरं सांगतो, ऐकू येतं! आत खोल काहीतरी ताणल्यासारखं गुणगुणत होतं. वहिनी चहा घेऊन आल्या तर आम्ही चौघे एका पेन्सिलीसाठी भांडतोय!

मिस्त्री हळूच म्हणाला, "मास्तर, एकदाच दोरी सोडून बघू? खरा जोड तेव्हाच कळेल."

"टणत्कार करू नये!" मास्तर म्हणाले. "दसऱ्याला मोडलं तर मोडू दे. पण बाण सोडून मोडेल."

*

दसऱ्याला आम्ही सगळे कल्याणला गेलेलो. वकीलसाहेबही आले. पूर्ण वेळ हात पाठीमागे बांधून उभे. कुणी हार दिला तरी घेईनात! चिंचेला कोहळा टांगलेला. पोरं नेहमीसारखी ओरडत होती, "सर, टणत्कार!"

मास्तरांनी दोरी ओढली. मिस्त्रीच्या ओठांवर गाऱ्हाणं चाललेलं. बारीकसा फुस्स आला, आणि बाण कोहळ्यात निम्मा घुसलेला! पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. मास्तर पाणावलेल्या डोळ्यांनी आधी जोडावर हात फिरवत राहिले, मग मी सोललेल्या जागेवर. म्हणाले, "हे राहू दे हं बाळा, याला पॉलिश मारू नकोस."

सोनं वाटून झालं. पोरं गेली, साहेब गेले. मैदानात मास्तर, मिस्त्री, नाखवा आणि मी. मास्तर दोरी उतरवायला वाकले आणि तसेच थांबले. इकडे तिकडे बघितलं.

"गेले ना सगळे?"

मी म्हटलं, "गेले."

मास्तर ताठ उभे राहिले. हातात बाण नाही. दोरी कानापर्यंत ओढली. मी "मास्तर, अहो!" म्हणेपर्यंत सोडली.

टण्ण्ण!

मी डोळे गच्च मिटून घेतलेले. उघडले तेव्हा चिंचेवरचे कावळे उडालेले, धनुष्य अखंड, आणि मास्तर शाळेतल्या पोरासारखे हसत होते. दोन महिन्यांत मी त्यांचे दात पहिल्यांदा बघितले.

"मिस्त्री!" ते ओरडले. "ऐकलंत? ऐकलंत ना?"

मिस्त्री म्हणाला, "आँ? मला नाय ऐकू आलं," आणि कानावरची पेन्सिल काढून दातात धरली.